वळणावरचा चर

बॅट लेहानच्या वाट्याला आयर्लंड देश आला तो साडेतीन मैलांचा. ग्लानबॅनच्या पुलापासून किलकेरनच्या दफनभूमीच्या फाटकापर्यंत जाणारा रस्ता, तेवढाच. कौन्सिलचा मैलकुली म्हणून तो बावीस वर्षं त्या रस्त्यावर राबत होता, आणि त्याच्याआधी त्याचा बाप. कुठल्या वळणावर पाणी तुंबतं, कुठे वीतभर खाली कातळ लागतो आणि कुठे नुसती दलदल, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पाऊस लागला की बाकीचे चुलीपाशी सरकायचे आणि हा डोक्यावर पोतं घेऊन गटारं मोकळी करायला बाहेर पडायचा. त्याची बायको एबी म्हणायची की मला सवत मिळाली तीही चिखलातली.

माणूस अबोल होता. राजकारण त्याला जे काही ठाऊक होतं ते बापाकडून आलेलं, आणि बापाचं सगळं राजकारण लंडनच्या पार्लमेंटात अडकलेलं. आपले खासदार तिकडे भांडताहेत, आपलं विधेयक आज येईल, उद्या येईल, मग डब्लिनला आपलं सरकार बसेल, असं म्हातारा लोहाराच्या भट्टीपाशी उभा राहून तीस वर्षं सांगत आला. विधेयक खरोखर मंजूर झालं तेव्हा तो अंथरुणाला खिळला होता. बॅटने त्याला पेपर वाचून दाखवला. कायदा झाला होता, आणि जर्मनीशी चाललेली लढाई संपेपर्यंत तो अमलात आणायचा नाही असंही त्याच दिवशी ठरलं होतं. म्हातारा छताकडे बघत म्हणाला, "ताट वाढलं आणि हात धरले." त्या हिवाळ्यात तो गेला. ग्लानबॅनमधला लंडनवरचा निम्मा विश्वास त्याच्याबरोबर गेला. उरलेला निम्मा, डब्लिनच्या बंडानंतर इंग्रजांनी बंडवाल्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या तेव्हा आणि पुढे सक्तीच्या लष्करभरतीची भाषा सुरू झाली तेव्हा संपला. मग लंडनमध्ये कोण पंतप्रधान आहे आणि तो काय बोलला हे विचारायचंसुद्धा लोकांनी सोडून दिलं.

बॅटला एक बहीण होती, नोनी, त्याच्याहून चौदा वर्षांनी धाकटी. ती सहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हा तिला वाढवली ती बॅटनेच. तो खडी फोडत बसला की ती शेजारी बसून खडे निवडायची, आणि थकली की त्याच्या ढकलगाडीत बसून घरी यायची. एकविसाव्या वर्षी तिने ल्यूक रुआन नावाच्या पोलीस शिपायाशी लग्न केलं. ते साल होतं १९१३, आणि त्या वर्षी पोलीस जावई मिळणं म्हणजे पाचही बोटं तुपात. पगार, वर पेन्शन, अंगावर गडद हिरवा कोट. त्या लग्नात सगळं गाव नाचलं. पोलिसाने बायकोच्या जिल्ह्यात नोकरी करायची नाही असा सरकारी नियम होता, म्हणून ल्यूकची लिमरिककडे बदली झाली आणि नोनी त्याच्यामागोमाग गेली. जाताना पुलावर उभी राहून तिने भावाला बजावलं की मला शेवटी इथेच आणायचं, आईशेजारी, त्या सपाट मुलखात मला झोप लागायची नाही. बॅट हसला होता. एकवीस वर्षांच्या पोरीने असलं काही म्हटलं की माणूस हसतोच.

सहा वर्षांत वारं फिरलं. आपलं नवं सरकार आपणच जाहीर केलं आणि त्या सरकारने सांगितलं की पोलिसाशी कुणी बोलायचं नाही, त्याला दूध, पीठ, काही विकायचं नाही, चर्चमध्ये त्याच्या बाकावर बसायचं नाही. पोलिसाच्या घरच्यांनाही तेच. नोनीची पत्रं यायची. दुकानदार तिला बघून तोंड फिरवतो, शेजारीण वाळत घातलेले कपडे उचलून आत जाते, असं लिहिलेलं असायचं, आणि खाली ल्यूक चांगला आहे, दारू पीत नाही, असंही. बॅट ती पत्रं तीन-तीनदा वाचायचा आणि घड्याळामागे ठेवायचा. उत्तर लिहायचं राहून जायचं. राहून जायचं हे त्याचं म्हणणं. खरं तर पाकिटावर पोलिसाच्या बायकोचं नाव घालून ते पोस्टाच्या खिडकीतून आत सरकवायची त्याला भीती वाटत होती, आणि ही भीती त्याने एबीजवळसुद्धा कधी कबूल केली नाही.

नव्या सरकारसाठी बंदूक घेतलेल्या त्या भागातल्या स्वयंसेवकांचा कॅप्टन होता फ्लॉर टूमी. वय एकोणतीस, नाकीडोळी नीटस, बोलायला हळू. वरच्या अंगाला त्याचं शेत आणि घर, घरात म्हातारी आई मोल आणि भाऊ थेड. १९२० च्या हिवाळ्यात फ्लॉर बॅटकडे आला आणि म्हणाला की इंग्रज लष्कराच्या लॉऱ्या वर येता कामा नयेत, रस्ता तोडायचाय, कुठे तोडू ते तू सांग. बॅटच्या काळजाला घरं पडली. पण तोडायचाच आहे तर नीट तोडा, या विचाराने त्याने स्वतः जाऊन जागा दाखवली. पुलापलीकडचं वळण. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला दलदल, बगल देऊन जायला बोटभर जागा नाही. पुरुषभर रुंद आणि कमरेच्या वर खोल चर खणला गेला. शेतकऱ्यांनी फळ्या टाकून मेंढ्या न्यायच्या आणि फळ्या परत लपवायच्या. पायी चालणाऱ्याला अडचण नव्हती.

मग जे व्हायचं ते सुरू झालं. एका रविवारी सैनिकांनी चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळ्या पुरुषांना रांगेत उभं केलं, हातात फावडी दिली आणि चर बुजवून घेतला. लोक मुद्दाम ढेकळं टाकत होते, आणि बॅट त्यांच्यावर वैतागत होता की खाली दगड घाला रे, ठोकून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात खचेल. पाठीशी बंदुका आहेत याचं त्याला भानच नव्हतं. सैनिकांचा सार्जंटसुद्धा हसला म्हणतात. आठवड्याने स्वयंसेवकांनी पुन्हा खणला. असा तो चर तीनदा बुजवला आणि चारदा खणला. सैनिकांनी बंदूक रोखली असेल तरच बुजवायचा, एरवी जो फावडं लावील त्याला जबाब द्यावा लागेल, असा हुकूम होता. त्या वसंतात जबाब देणं म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावात एक माणूस रस्त्याच्या कडेला सापडला होता, आणि त्याच्या छातीवर चिठ्ठी टाचलेली होती.

एप्रिलमधल्या एका शनिवारी पोस्टमास्तरीण मिस हार्नेट स्वतः तार घेऊन रस्त्यावर आली. नोनी काल गेली, न्यूमोनिया, मंगळवारी सकाळच्या पहिल्या गाडीने आणतो, किलकेरनला आईशेजारी, ल्यूक. मिस हार्नेटने ती अर्थातच आधी वाचली होती. फार वाईट झालं, असं म्हणून ती घाईने परत फिरली. बॅटने ढकलगाडी उपडी केली आणि तिच्यावर बसून राहिला. तिच्या शेवटच्या चार पत्रांना आपण उत्तर दिलं नाही, एवढाच हिशेब त्याच्या डोक्यात पुन्हा पुन्हा होत होता.

ग्लानबॅनमध्ये घरात मरण झालं की शेजारी येतात. काही विचारत नाहीत. दोन-तीन पुरुष आपापली फावडी घेऊन किलकेरनला जातात आणि कबर उघडतात. घरच्या माणसाने आपल्या माणसाच्या कबरीला हात लावायचा नाही, हा नियम. कुणाला सांगायला जायचं नसतं आणि कुणी पैसे घ्यायचे नसतात. बॅटचं फावडं गावात सगळ्यात सरळ चालायचं, त्यामुळे तिसाहून जास्त कबरी त्याच्या हातच्या होत्या. आता त्याच्या घरचं मरण होतं, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. प्रेत घरात नाही, म्हणजे त्याच्यापाशी रात्र काढायचं जागरण नाही, म्हणजे यायचं ते कशाला आणि बोलायचं काय, हे लोकांनाही कळत नसणार. पण ज्याच्या घरी मरण झालंय तो माणूस असा विचार करत नाही.

रविवारी चर्चच्या फाटकाशी तो गेला तसे उभे असलेले लोक बोलायचे थांबले. फादरनी मृतांच्या यादीत तिचं पूर्ण नाव वाचलं ते नोरा रुआन म्हणून. लेहान हा शब्दच आला नाही. मोल टूमीने जाता जाता त्याचा हात दाबला, पण ती म्हातारी सगळ्यांचेच हात दाबायची. फ्लॉर दिसला नाही. तो दिवसाउजेडी फाटकाशी कधीच दिसत नसे, हे बॅटला माहीत होतं. तरी त्या दिवशी ते लागलंच.

सोमवारी संध्याकाळी, ऊन असतानाच, तो एबीला न सांगता किलकेरनला गेला. आईच्या कबरीवरचं गवत होतं तसं होतं. कुणी एक ढेकूळही हलवलं नव्हतं. उद्या दुपारी पेटी येणार आणि इथे गवत वाऱ्यावर डुलतंय. बॅट तिथे उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा रडू आलं. पोलिसाच्या बायकोला माती द्यायला गाव येणार नाही, हे त्याने त्या गवताकडे बघून ठरवून टाकलं. मग तो मैलकुलीच्या डोक्याने विचार करायला लागला. पेटी वळणापर्यंत येईल. पुढे चर. मेंढ्यांच्या फळ्यांना गाडीचं वजन पेलणार नाही. खांद्यावरून पार न्यायची तर निदान सहा माणसं हवीत, आणि माणसं आहेत दोन, तो आणि ल्यूक. प्रेत घेऊन निघालेल्यांनी मागे फिरायचं नसतं. म्हणजे उरला एकच उपाय.

मंगळवारी उजाडता उजाडता तो वळणावर होता. एबीला म्हणाला स्टेशनच्या वाटेवर पुढे जातो. चरातून काढलेली माती आणि दगड कडेलाच रचलेले होते. गाडीचं चाक जाईल एवढीच पट्टी भरायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्या भुसभुशीत मातीवरून गाढवाची गाडी गेलीही असती आणि लॉरी गेली असती तर रुतली असती. पण त्याच्या हाताला कच्चं काम येतच नव्हतं. आधी मोठे दगड, मग खडी, मग मुरूम, आणि प्रत्येक थरावर धुमस. नोनीला हिसका बसायला नको, असंही मधूनच त्याच्या मनात येत होतं. अकराच्या सुमाराला काम संपलं तेव्हा तिथे कधी चर होता हे परक्याला सांगावं लागलं असतं. कबरीचं काय, तर पेटी बाजूला ठेवून आपणच खणायची. नियम मोडला तर मोडला.

ल्यूक साध्या कपड्यांत आला. लष्कराने सोबत देऊ केली होती ती त्याने नाकारली होती. स्टेशनवरच्या एकाही गाडीवाल्याने पेटी घेतली नाही, तेव्हा एका विधवेने आपली गाढवाची गाडी दिली, आणि नऊ मैल तो गाढवाचा कासरा धरून चालत आला. दोघं आठ वर्षांनी भेटत होते. ल्यूकचे केस पांढरे झाले होते.

"रस्ता तोडलाय असं ऐकलं होतं," ल्यूक म्हणाला.

"दुरुस्त झाला," बॅट म्हणाला आणि गाढवाच्या दुसऱ्या बाजूला चालायला लागला.

किलकेरनच्या शेवटच्या चढावर त्याला आधी टोप्या दिसल्या. भिंतीला लागून तीस-चाळीस माणसं उभी होती. बायका डोक्यावर शाली घेऊन एका बाजूला, एबी त्यांच्यात. आणि आईच्या कबरीशेजारी कबर खणलेली होती. कडा सरळ, तळ साफ, माती एका अंगाला रचलेली, आणि तोंडावर दोन फावडी क्रुसासारखी आडवी-उभी ठेवलेली, जशी ठेवतात तशी. फ्लॉर आणि थेड टूमी पुढे आले आणि त्यांनी पेटीचा पुढचा भाग खांद्यावर घेतला. शेजारचा कॉन हर्ली आणि त्याचा जावई मागच्या बाजूला लागले. ल्यूकशी कुणी बोललं नाही, पण त्याला पेटीजवळ सगळ्यांनी वाट दिली.

पेटी खाली ठेवल्यावर त्याने फ्लॉरला हळूच विचारलं, "कधी खणलीत?"

"आज, फटफटताना." फ्लॉरने कपाळ पुसलं. "काल सोमवार होता ना, बॅट."

सोमवारी कबर उघडत नाहीत. सोमवारी उघडलेली कबर वर्षभरात आणखी एकाला बोलावते, हे ग्लानबॅनमधलं शेंबडं पोरही सांगेल. बॅटने स्वतः किती सोमवार थांबून मंगळवारी पहाटे फावडं उचललं होतं. आणि काल संध्याकाळी तो त्या गवतासमोर उभा राहिला, आणि एवढी एक गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही. एक निरोप धाडला असता तर हे सगळे खांदे वळणावर येऊन पेटी चरावरून सहज पलीकडे घेऊन आले असते. थोडा वेळ त्याला फादरचे शब्दही ऐकू येईनात.

चर परत उघडायला हवा, आत्ता, या घटकेला. पण माती टाकून होईपर्यंत आणि जपमाळ पुरी होईपर्यंत भावाने हलायचं नसतं. नंतर ल्यूकला घरी नेऊन जेवू घालायचं होतं. एबीने मांस उकडून ठेवलं होतं, आणि ल्यूकने दोन घास खाऊन ताट सरकवलं. तीनच्या सुमारास तो गाढवाची गाडी घेऊन परत निघाला, आणि बॅटने कुदळ उचलली. वळणावर पोचून त्याने दुसरा घाव घातला असेल नसेल तोच पुलाकडून इंजिनांचा आवाज आला. तो नदीच्या बाजूला खाली सरकला. दोन लॉऱ्या त्याच्या डोक्यावरून गेल्या. भरलेली माती इंचभरही दबली नाही.

स्टेशनवर पोलिसाच्या बायकोची पेटी उतरलेली बघून कुणी लष्कराला कळवलं, की लॉऱ्या रोजच्या फेरीवर होत्या आणि त्यांना रस्ता सापडला, हे कधी कळलं नाही. लॉऱ्या टूमींच्या अंगणात शिरायच्या आत फ्लॉर आणि थेड मागच्या डोंगरावर निसटले. घर राहिलं आणि म्हातारी मोल राहिली. सैनिकांनी तिला खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं, सामान काढायला दहा मिनिटं दिली आणि घराला आणि गवताच्या गंजीला आग लावली. लॉऱ्या परत गेल्यावर गाव धावलं. सगळ्यात जास्त बादल्या बॅटने वाहिल्या. मोल त्या खुर्चीत बसून जळणाऱ्या छपराकडे बघत होती. तिने बॅटला बघून विचारलं की बहिणीला नीट पोचवलंस ना. त्याला हो म्हणायलाही जमेना.

चर कुणी बुजवला, याची चर्चा लोहाराकडे दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. फार वेळ चालली नाही, कारण उत्तर सगळ्यांना सोपं वाटलं. पोलिसाची बायको आणायची होती, पोलिसाने आपले सोबती आणून रस्ता करून घेतला आणि सोबत्यांना घर दाखवलं. ल्यूक रुआन हे नाव लोक थुंकल्यासारखं उच्चारू लागले. जो माणूस नऊ मैल एकटा चालत आला, त्याच्या नावावर टूमींचं घर गेलं. बॅट तिथे उभा असायचा, पाईप विझलेला, तोंडात मिठाची गुळणी धरून. बोलला तर छातीवर चिठ्ठी, हे एक. आणि दुसरं म्हणजे, मला वाटलं तुम्ही येणार नाही, हे वाक्य त्या माणसांच्या तोंडावर म्हणायचं. हे दुसरं त्याला जास्त जड होतं. एबीने त्याचे त्या दिवशीचे बूट बघितले होते. तिने ते धुऊन चुलीपाशी ठेवले आणि काही विचारलं नाही.

मोल आपल्या बहिणीच्या घरी राहायला गेली, नदीपलीकडे. तिथे ती जेवेना. परक्याच्या चुलीपाशी मला ऊब लागत नाही म्हणायची. मे महिन्यात, घर जळल्याला चार आठवडे होताहेत तोच, ती एका सोमवारी सकाळी गेली. दुपारी कॉन हर्ली बॅटच्या दारात आला. बुधवारी पहाटे कबर उघडायची आहे, टूमींच्या जागेला कातळ आहे, तुझी पहार आण, एवढं बोलून तो निघून गेला. बॅट दारातच उभा राहिला. म्हातारीच्या मरणाला आपला हात लागलेला, आणि तोच हात तिच्या कबरीला लावायचा. हे त्याच्याने होणार नव्हतं. न जाणं त्याहून वाईट.

"फ्लॉर उद्या दुपारी जागरणाला येणार आहे," एबी चुलीकडे तोंड करून म्हणाली. "डोंगरावर पहारा ठेवणार आहेत. तू जा, सांग त्याला."

"परत नाही आलो तर?"

"मग मी तुझ्या कबरीसाठी कॉन हर्लीकडे जाईन," ती म्हणाली. तिचा आवाज मात्र ठिकाणावर नव्हता. "असा तू माझ्याच्याने बघवत नाहीस रे."

मंगळवारी दुपारी तो गेला. मोलच्या बहिणीचं घर माणसांनी भरलेलं, मोल खाटेवर हातात जपमाळ गुंफून, येणाऱ्यांसाठी मातीच्या पाईपांची आणि तंबाखूची ताटली दाराशी. बॅटने गुडघे टेकून प्रार्थना म्हटली आणि फ्लॉरला मागच्या गोठ्यात बोलावलं. फ्लॉर अंगाने निम्मा झाला होता. दाढी वाढलेली, कोटाच्या आत पिस्तुल असल्याचं दिसत होतं. तो गव्हाणीच्या कडेला बसला. बॅट उभाच राहिला.

"उद्या तुझ्या आईची कबर उघडायला मला बोलावलंय," बॅट म्हणाला. "त्याआधी तुला एक सांगायचंय. तो चर ल्यूकने नाही बुजवला. कुणी पोलीस आले नव्हते. मी बुजवला, एकट्याने. सोमवारी मी किलकेरनला जाऊन बघितलं, गवत तसंच होतं, मला वाटलं तुम्ही कुणी येणार नाही. सोमवार आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही, फ्लॉर. आता तुला काय करायचं ते कर. मी एबीला सांगून आलोय."

गाय रवंथ करत होती.

"मला माहीत होतं," फ्लॉर म्हणाला.

बॅटला आधी कळलंच नाही.

"मी आणि थेड नोनीची कबर खणून वरच्या पायवाटेने परत येत होतो. आठ वाजले असतील. खाली वळणावर तू दिसलास. दगड मांडत होतास, एकेक, भिंत बांधल्यासारखे. थेड म्हणाला, हाक मारू का. मी नको म्हटलं."

"तू कॅप्टन आहेस," बॅट म्हणाला. "तू थांबवायला हवं होतंस मला. एक हाक मारली असतीस तर..."

"हो. तर आई आज आपल्या घरात असती." फ्लॉरने तळव्यांनी डोळे दाबले. "चार आठवडे मी तेच म्हणतोय स्वतःला. म्हटलं अंधार पडला की परत खणू, एका दुपारभरात काय होतंय. तुझी बहीण येत होती, बॅट. तिच्या वाटेवरचं फावडं तुझ्या हातातून कसं काढून घ्यायचं, ते मला येईना."

आतून जपमाळेचा आवाज यायला लागला. जरा वेळाने फ्लॉर उठला आणि त्याने कोटावरचं गवत झटकलं.

"हे तुझ्यामाझ्यात राहू दे," तो म्हणाला. "पोरं तापलेली आहेत. आणि ल्यूक रुआन लिमरिकला आहे, त्याला इथलं ऐकू जात नाही."

बॅटने मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती.

बुधवारी उजाडताना किलकेरनला तिघं होते: कॉन हर्ली, त्याचा जावई आणि बॅट. टूमींच्या जागेवरचं गवत कॉनने चौकोन कापून बाजूला ठेवलं. गुडघाभर खाली गेल्यावर जावई दम खायला थांबला आणि म्हणाला की त्या पोलिसाने त्या दिवशी रस्ता केला नसता तर म्हातारी अजून दहा वर्षं जगली असती. बॅट वर कडेला माती ओढत होता, त्याने फावडं मातीत उभं रोवलं.

"रस्ता मी केला," तो म्हणाला. "चर मी बुजवला, नोनीसाठी. सोमवारी इथे गवत बघितलं आणि मला वाटलं गाव येणार नाही. ल्यूकचा त्यात काही हात नव्हता. फ्लॉरला काल सांगितलंय."

जावयाने सासऱ्याकडे बघितलं. कॉन हर्ली खाली वाकलेला होता, तो तसाच राहिला. खालच्या शेतात कुणाची तरी मेंढी ओरडत होती. उगवतीचं ऊन भिंतीवर चढून कबरीच्या कडेपर्यंत आलं. बॅटने टोपी काढून हातात घेतली. कॉनने फावड्याचं टोक दोनदा खाली आपटून बघितलं, आणि मग सरळ होऊन एका अंगाला सरकला.

"इथे कातळ लागलाय," तो म्हणाला. "ये खाली. पहार तुझ्याकडे आहे."